हेड बदलायचं की गिअरबॉक्स? आधी टाइम स्लिप वाचा

हौशी ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे सरळ पट्टीवरच्या पाव मैलाच्या शर्यतीत, थोडा पैसा जमला की ठरलेला प्रश्न येतो: नवं सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यातून हवा आत-बाहेर होते) घ्यायचं की गिअरबॉक्स? दोन्हींनी गाडी लवकर पोचते, म्हणून दोन्ही एकाच दुखण्यावरचं औषध वाटतात. पण हेड ताकद तयार करतं, आणि गिअरबॉक्स ती चाकांपर्यंत पोचवतो. कमी कशाची आहे ते न बघता खर्च केला तर जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

कमी कशाची ते टाइम स्लिपवर, म्हणजे रननंतर ट्रॅकवर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीवर, छापलेलं असतं. पाव मैल म्हणजे १३२० फूट. त्यासाठी लागलेला वेळ आणि शेवटचा वेग, म्हणजे ट्रॅप स्पीड, हे दोन आकडे वेगळ्या गोष्टी सांगतात. ट्रॅप स्पीड मुख्यतः ताकद आणि वजनावर ठरतो. सुरुवात जरा फसली तरी तो फारसा हलत नाही. वेळ मात्र पहिल्या ६० फुटांतच हातचा जातो. दोन्हींचा गुणाकार करून बघा. नीट सुटलेल्या गाडीचा तो ढोबळमानाने १३६० च्या आसपास येतो. ट्रॅप ताशी ११५ मैल असेल तर वेळ ११.८ सेकंदांच्या जवळ हवा. स्लिपवर १२.६ असेल, तर इंजिनात दम आहे, पण सुटताना तो रस्त्याला लागत नाही. अशा वेळी टायर, टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग), गिअर तपासा. हेडला हात लावू नका. गुणाकार जमतोय, ६० फूटही छान, पण ट्रॅप शंभरावर अडकलाय? मग हेड.

हेड निवडताना 'सीसी'चा घोळ होतो. शेव्रोलेचं ३५० स्मॉल ब्लॉक, म्हणजे ३५० घन इंचांचं व्ही-८ इंजिन, घ्या. १८०, १९५, २१० हे आकडे इनटेक पोर्टचे, हवा आत येते त्या वाटेचे. ६४, ७६ हे ज्वलनकक्षाचे. बाकी सगळं तेच ठेवून ७६ ऐवजी ६४ सीसीचा कक्ष आला की कॉम्प्रेशन साधारण एका अंकाने चढतं. पोर्टचं आकारमान कॉम्प्रेशनला शिवतही नाही. ते ठरवतं इंजिन कोणत्या आरपीएमला मोकळा श्वास घेणार. पोर्ट गरजेपेक्षा मोठा असेल तर कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि खालची ओढ जाते. सहा हजारांच्या आत फिरणाऱ्या साध्या ३५० ला मी तरी १९५ च्या पुढे नेणार नाही.

आणि इथेच गिअरबॉक्सची गाठ पडते. पॉवरग्लाइड आणि टर्बो ३५० हे जनरल मोटर्सचे दोन ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पॉवरग्लाइडला दोन गिअर, पहिल्याचं गुणोत्तर बहुधा १.७६. टर्बो ३५० ला तीन: २.५२, १.५२ आणि १. पॉवरग्लाइडमध्ये ६५०० ला शिफ्ट केलं की हिशेबाने इंजिन ३७०० वर उतरतं. टर्बो ३५० मध्ये पहिल्या शिफ्टला सुमारे ३९००, दुसऱ्याला ४३००. कन्व्हर्टर घसरतो म्हणून प्रत्यक्षात उतार कमी असतो, पण मोठ्या पोर्टचं, वरच पेटणारं इंजिन पॉवरग्लाइडवर प्रत्येक रनला त्या खड्ड्यात पडू शकतं.

तरीही ब्रॅकेट रेसिंगवाले पॉवरग्लाइडला चिकटून असतात, आणि ते बरोबर आहे. तिथे आपला वेळ आधी सांगायचा असतो आणि त्याहून लवकर पोचलात तर सहसा हरता. एकच शिफ्ट, फिरणारे भाग कमी, ताकद कमी खाणारा गिअरबॉक्स. रन मागून रन सारखा. हलक्या, भरपूर ताकदीच्या गाडीला तो शोभतो. वजनदार गाडीला सुटताना २.५२ चाच आधार लागतो.

हेड बदललंच, तर त्याच खर्चात टॉर्क कन्व्हर्टर धरा. ताकद ३५०० ला जागी होते आणि जुन्या कन्व्हर्टरचा स्टॉल, म्हणजे गाडी उभी असताना तो इंजिनाला जिथवर फिरू देतो तो आरपीएम, १८०० आहे, अशी गाडी हिरव्या दिव्यावर आधीपेक्षा मंद सुटते. तेव्हा ६० फुटांचा आकडा बिघडलेला दिसला की दोष नव्या हेडला देऊ नका.