एकट्याच्या प्रवासातला दुसरा भिडू

नमस्कार,

आम्ही प्रवासी बॅगा शिवतो आणि दुरुस्त करतो. आमच्या ग्राहकांपैकी बरेच जण वारंवार आणि एकट्याने प्रवास करतात, कुणी कामासाठी तर कुणी हौसेने. दोघे असले की एक सामानापाशी थांबतो, दुसरा चौकशी करून येतो. एक विसरला तर दुसरा आठवण करून देतो. एकट्याला ही दोन्ही कामे स्वतःच करावी लागतात. मग तो दुसरा भिडू कुठून आणायचा? काही वस्तू आणि काही सवयी ती जागा चांगली भरून काढतात. ग्राहकांशी बोलता बोलता आम्ही जे शिकलो, ते या पत्रकात देत आहोत.

बॅग केवढी असावी?

बॅग घेताना सगळे लिटर विचारतात. एकट्या प्रवाशाला आम्ही वेगळाच प्रश्न विचारतो: भरलेली बॅग घेऊन स्वच्छतागृहात शिरून आतून कडी लावता येईल का? येत नसेल तर दर वेळी सामान कुणा अनोळखी माणसाच्या भरवशावर सोडावे लागेल. तेवढी मोठी बॅग एकट्याने घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे, मग आमची विक्री कमी झाली तरी चालेल.

दुसरी परीक्षा घरीच घ्या. बॅग पूर्ण भरा, न थांबता दोन मजले चढा आणि वर पोचल्यावर ती स्वतःच्या हातांनी डोक्याच्या वर उचला. थोडी धाप लागली तर हरकत नाही. हात थरथरले तर मात्र सामान कमी करा. सर्वांत जड बूट बॅगेत न ठेवता पायांत घाला. पाठीवरची बॅग असेल तर जड वस्तू तळाशी न कोंबता पाठीला चिकटून, मध्यावर ठेवा आणि कमरेचा पट्टा आधी आवळा, खांद्याचे नंतर. बहुतेक जण नेमके उलटे करतात आणि सगळा भार खांद्यांवर घेतात.

चेन आणि कुलूप

हा आमचा रोजचा विषय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बहुतेक बॅगांना नायलॉनच्या वेटोळ्याची चेन असते. तिच्या दातांमध्ये साध्या बॉलपेनचे टोक जोरात दाबले तर ती मध्येच उकलते. मग दोन्ही रनर, म्हणजे चेन उघडणारे-मिटवणारे सरकते तुकडे, कुलपासकट एकदा पुढे-मागे फिरवले की चेन पुन्हा होती तशी मिटते. कुलूप जागच्या जागी आणि वस्तू गायब! असे काही घडले, हे कित्येकांना घरी पोचल्यावर कळते.

यावर उपाय सोपा आहे. कुलूप लावल्यावर दोन्ही रनर बॅगेच्या बाजूच्या हँडलला केबल टायने पक्के बांधा. रनर फिरलाच नाही तर उकललेली चेन मिटवता येत नाही आणि कुणी हात घातला असेल तर तुम्हाला तिथल्या तिथे दिसते. याने चोरी थांबतेच असे नाही. म्हणून दागिने, कागदपत्रे, औषधे आणि घराच्या चाव्या विमानात सोपवायच्या बॅगेत कधीच ठेवू नका.

बॅग सोपवण्याआधी आणखी तीन गोष्टी करा. मागच्या प्रवासाचे बारकोडचे चिठोरे सोलून काढा, कारण यंत्र चुकून जुनाच बारकोड वाचू शकते. बाहेरची चिठ्ठी फाटली तरी मालक सापडावा म्हणून आतही नाव आणि फोन नंबर ठेवा. आणि बॅगेचा एक फोटो बाहेरून, एक उघडून आतून काढा. बॅग मोडून आली किंवा आलीच नाही तर विमानतळ सोडण्याआधी लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. विमान कंपन्यांची प्रवाशांबाबतची जबाबदारी ठरवणाऱ्या १९९९ च्या माँट्रियल कराराखालच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार बॅग हातात आल्यापासून ७ दिवसांच्या आत करावी लागते, आणि २१ दिवसांत न आलेली बॅग हरवली असे धरून भरपाई मागता येते.

पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत ठेवा. साधारणपणे १०० वॅट-तासांपर्यंतची (वॅट-तास हे साठवलेल्या विजेचे माप) बँक परवानगी न विचारता नेता येते. तुमची किती आहे ते काढायला बँकेवर छापलेल्या मिलिअँपिअर-तासांना (mAh) ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा. २०,००० ची बँक म्हणजे ७४ वॅट-तास.

आठवण करून देणारी पाच बोटे

जागेवरून उठताना बोटे मोजा आणि हळू का होईना, तोंडाने म्हणा: अंगठा ओळखपत्र, तर्जनी फोन, मधले पैसे, अनामिका चाव्या, करंगळी चष्मा. मग तीन पावले पुढे जा, वळा आणि रिकाम्या जागेकडे एकदा नीट बघा. चार्जर हमखास मागे राहतो, म्हणून त्याला भडक रंगाची फीत बांधा. खोलीतल्या तिजोरीत काही ठेवले असेल तर शेजारी एक बूटही ठेवा. एका बुटावर कुणी निघत नाही!

पहिली रात्र

नव्या जागी झोप लागली नाही तर स्वतःला दोष देऊ नका. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की अनोळखी ठिकाणी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूची डावी बाजू उजवीपेक्षा जास्त सावध राहते. जमल्यास महत्त्वाचे काम दुसऱ्या दिवशी सकाळी न ठेवता दुपारी ठेवा. घरच्या उशीचा अभ्रा सोबत न्या, ओळखीच्या वासाने बरे वाटते. दाराखाली सरकवायची रबरी पाचर वजनाला काहीच नाही, पण तिच्यामुळे मन खूप निश्चिंत होते.

घरी 'पोचलो की कळवतो' असे सांगू नका, वेळ सांगा. 'रात्री नऊला मेसेज करतो, दहापर्यंत नाही आला तर अमक्या ठिकाणी फोन करा', असे ठरवले की घरचेही उगाच काळजीत राहत नाहीत. दोन नंबर तोंडपाठ हवेत, कारण फोन बंद पडला की त्यातले सगळे नंबरही बंद. पैसे आणि कार्डे दोन वेगळ्या जागी ठेवा.

आणि थोडा खेळ

सकाळी एक रंग निवडा आणि दिवसभर तोच शोधत फिरा. पिवळा निवडलात तर दारे, छत्र्या, पाट्या, कुणाची तरी सायकल असे काय काय दिसू लागते. स्वतःचा फोटो हवा असेल तर आधी कुणाचा तरी काढून द्या. दोघांपैकी एक जण नेहमी फोटोबाहेर राहिलेला असतो, तो आनंदाने तुमचाही काढतो. मोकळी दुपार असेल तर उजेडात, गजबजलेल्या भागात प्रत्येक चौकात नाणे उडवून डावे-उजवे ठरवा. मुक्कामाचा पत्ता तेवढा कागदावर लिहून खिशात असू द्या.

परत आल्यावर बॅग आडवी करून चाके बघा. आसाला केस आणि दोरे गुंडाळलेले असतात. सुईने सोडवून काढा, ओढून तोडू नका. चाक तरीही अडकत असेल तर बॅग आमच्याकडे आणा. आणण्याआधी अस्तरातला तो चपटा खिसा तेवढा तपासा. आम्हाला त्यात चाव्या, अंगठ्या आणि एकदा तर चालू मुदतीचा पासपोर्ट सापडला आहे.