क्षीण युरेनियम : आरोग्यावरील परिणाम व उपचार

अणुइंधनासाठी नैसर्गिक युरेनियममधला युरेनियम-२३५ हा विखंडनक्षम भाग वेगळा काढल्यावर जो साठा उरतो, त्याला क्षीण किंवा डिप्लीटेड युरेनियम म्हणतात. नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-२३५ चे प्रमाण ०.७२ टक्के असते. क्षीण युरेनियममध्ये ते ०.२ ते ०.३ टक्क्यांवर येते. बाकी जवळजवळ सगळा युरेनियम-२३८ असतो. क्षीण युरेनियमची किरणोत्सारिता नैसर्गिक युरेनियमच्या सुमारे ६० टक्के भरते. घनता मात्र शिशाच्या १.७ पट. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीएवढा तुकडा साडेनऊ किलोंचा होतो. या वजनासाठीच तो वापरला जातो : रणगाडाभेदी गोळ्यांत, रणगाड्यांच्या चिलखतात, जुन्या मोठ्या विमानांच्या समतोल-वजनांत आणि किरणोत्सारी स्रोत ठेवण्याच्या पेट्यांत. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये ॲमस्टरडॅमला कोसळलेल्या बोइंग ७४७ मालवाहू विमानात असे २८२ किलो युरेनियम होते.

गोव्यात या विषयाची चौकशी प्रथम होते ती आखातामुळे. सासष्टी-बार्देशातली कितीतरी घरे कुवेतच्या पगारावर उभी राहिली. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतल्यावर सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना अम्मानमार्गे विमानाने मायदेशी आणले गेले. त्यांत गोमंतकीयही होते. आखाती युद्ध संपल्यावर अनेकजण पुन्हा कामावर गेले. त्या युद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे ३०० टन क्षीण युरेनियम डागले होते, आणि ११ जुलै १९९१ ला कुवेत शहराजवळच्या दोहा येथील अमेरिकी तळाला लागलेल्या आगीत या धातूचा दारूगोळाही जळाला. मात्र त्याच वर्षी कुवेतमधल्या ६०० हून अधिक तेलविहिरी जळत होत्या आणि शेवटची विझायला नोव्हेंबर उजाडला. शहरात राहून नोकरी केलेल्या माणसाच्या जुन्या खोकल्याचा विचार करताना त्या धुराकडे आणि वाळूच्या धुळीकडे आधी पाहावे लागते. फुटलेल्या रणगाड्यांत शिरलेला, ते उचलणारा किंवा त्यांचे भंगार कापणारा कामगार असेल, तर गोष्ट वेगळी.

दुसरा संबंध भंगाराचा. जहाजबांधणीत आणि पाइपलाइनच्या कामात वेल्डिंगचे सांधे गॅमा किरणांनी तपासतात. त्यासाठीच्या कॅमेऱ्यात इरिडियम-१९२ चा बारीकसा स्रोत असतो आणि त्याभोवती क्षीण युरेनियमचा ठोकळा. पेटी हाताने उचलता येते, पण आकाराच्या मानाने भलतीच जड लागते. ती अखंड असताना हे युरेनियम माणसाचे रक्षणच करते. खरा धोकादायक असतो तो आतला इरिडियम. स्रोत काढून घेतलेली रिकामी पेटी निरुपद्रवी समजून भंगारात गेली आणि कोणी तिच्यावर गॅसकटर किंवा ग्राइंडर चालवला, तर युरेनियमचा कीस पेट घेतो आणि काळसर ऑक्साइडची बारीक धूळ हवेत उडते. अशी पेटी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार पुरवठादाराकडे परत जायला हवी. किरणोत्सार-चिन्ह असलेली किंवा अनाकलनीय जड वस्तू दिसल्यास कापू नये, अंतर ठेवून पोलिसांना कळवावे. युरेनियम पेटलेच, तर पाणी मारू नये. कोरडी वाळू टाकतात.

काणकोणच्या लोकांच्या मनात कैगाच्या अणुवीज प्रकल्पाचे नाव येते, ते मात्र या नोंदीच्या कक्षेबाहेरचे. कारवारजवळच्या त्या प्रकल्पात नैसर्गिक युरेनियमचे इंधन वापरले जाते, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांच्या पिण्याच्या पाण्यात सापडले ते ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, होते. काणकोण तालुक्यात मूत्रपिंडाचे रुग्ण जास्त आढळतात ही खरी आणि जुनी चिंता आहे. पण तिथल्या संशोधनाने लक्ष वेधले आहे ते भूजलातल्या सिलिकेकडे आणि शिशाकडे. त्या रुग्णांचा आजार क्षीण युरेनियमच्या माथी मारला, तर मूळ कारणाचा शोध मागे पडेल.

युरेनियम-२३८ मधून निघणारे अल्फा कण हवेत काही सेंटिमीटर जातात आणि त्वचेच्या मृत थरात अडतात. म्हणून बाहेरून होणारा धोका थोडा. तरी उघडा तुकडा खिशात किंवा गळ्यात बाळगल्यास बीटा किरणांमुळे त्वचेला नको इतकी मात्रा मिळते. शरीरात शिरल्यावर चित्र पालटते. गिळलेल्या युरेनियमपैकी साधारण ०.२ ते २ टक्केच रक्तात उतरते, उरलेले शौचावाटे जाते. रक्तात आलेल्यापैकी बराचसा भाग पहिल्या दिवसातच लघवीतून निघून जातो. काही हाडांत बसतो आणि हळूहळू सुटतो. अन्नपाण्यातून प्रत्येकाच्या पोटात रोज एक-दोन मायक्रोग्रॅम युरेनियम जातेच, आणि निरोगी माणसाच्या शरीरात सरासरी ९० मायक्रोग्रॅम असते. तेव्हा लघवीत युरेनियम सापडले एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

पहिला घाव बसतो तो मूत्रपिंडावर, आणि तो किरणांचा नसून रसायनाचा असतो. रक्तात युरेनिल आयन (युरेनियमचे विरघळलेले रूप) बायकार्बोनेटला धरून असतो आणि त्याच रूपात मूत्रपिंडाच्या गाळणीतून पुढे जातो. पुढच्या नलिकेत मूत्र आम्लधर्मी होऊ लागले की ही जोडी तुटते. मोकळा झालेला युरेनिल नलिकेच्या अस्तराला चिकटतो आणि तिथल्या पेशी मरू लागतात. एरवी शरीर परत खेचून घेते ती साखर, अमिनो आम्ले आणि लहान प्रथिने मग लघवीत उतरतात. मात्रा कमी असेल तर अस्तर काही आठवड्यांत पुन्हा भरून येते. मात्रा मोठी असेल तर काही दिवसांतच मूत्रपिंडे निकामी होतात.

श्वासातून आत गेलेली न विरघळणारी ऑक्साइडची धूळ फुप्फुसात वर्षानुवर्षे राहू शकते, म्हणून फुप्फुसाच्या कर्करोगाची शक्यता विचारात घ्यावी लागते. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने २००१ आणि २००२ मध्ये दिलेल्या अहवालांनुसार बहुसंख्य सैनिकांसाठी ही वाढ फारच थोडी आहे. मार बसलेल्या वाहनात असलेल्यांसाठी ती अधिक. अस्थिमज्जेला पोचणारी मात्रा अल्प असल्याने रक्ताच्या कर्करोगाचा संबंध लावणे अवघड जाते. उंदरांवरील प्रयोगांत मात्र शरीरात रोवलेल्या तुकड्यांभोवती गाठी आढळल्या, आणि युरेनियम वारेतून गर्भापर्यंत पोचल्याचेही दिसले. इराकमधील बसरा, फलुजा येथील डॉक्टरांनी जन्मजात व्यंगांबद्दल वारंवार आवाज उठवला आहे. युरेनियमच कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही, परंतु युद्धाआधीच्या विश्वासार्ह नोंदींअभावी ती शक्यता फेटाळणेही योग्य नाही. त्या मुलांवरचे उपचार तरी या वादावर अडून राहू नयेत.

माणसांबद्दलची सर्वांत भरवशाची माहिती बाल्टिमोरमधून मिळते. आखाती युद्धात आपल्याच सैन्याच्या क्षीण युरेनियमच्या गोळ्यांनी जखमी झालेल्या अमेरिकी सैनिकांची तिथे १९९३ पासून नियमित तपासणी होते. ज्यांच्या अंगात अजून तुकडे आहेत, त्यांच्या लघवीत युरेनियम कायम चढे राहिले आहे. तरीही मूत्रपिंडाचा उघड विकार आढळलेला नाही, नलिकांच्या कामात बारीक फरक तेवढे दिसले. कुवेतमध्ये पडेल ते काम करणारा परदेशी कामगार या पाठपुराव्यात नव्हता. त्याच्या वाट्याचे प्रश्न गावातल्या डॉक्टरनेच विचारायला हवेत : कुठे होता, कोणत्या महिन्यात, कशाला हात लावला, अंगात धातूचा तुकडा आहे का?

तपासणीसाठी २४ तासांची लघवी लागते. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि तिथपासून दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेपर्यंतची सगळी स्वच्छ प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवायची. एखादी वेळ जरी सुटली तरी हिशेब चुकतो. मास स्पेक्ट्रोमीटरवर (अणूंचे वजन मोजणाऱ्या यंत्रावर) युरेनियम-२३५ आणि २३८ यांचे गुणोत्तर काढतात : नैसर्गिक असेल तर ०.००७२ च्या आसपास, क्षीण असेल तर ०.००२ कडे झुकलेले. असे यंत्र नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नसते. क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिने मात्र बांबोळीच्या गोमेकॉपासून (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) तालुक्याच्या लॅबपर्यंत कुठेही तपासता येतात, आणि उपचाराच्या दृष्टीने तीच आधी हवीत.

ताज्या संपर्कात आधी कपडे उतरवून अंग साबण व कोमट पाण्याने, न खरवडता धुतात. जखम भरपूर धुतात. युरेनियम रक्तात गेले असल्यास शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देतात, बहुधा १.४ टक्क्यांचे द्रावण. लघवी अल्कधर्मी राहिली की वर सांगितलेली जोडी तुटत नाही आणि युरेनियम नलिकेला न चिकटता बाहेर पडते. या काळात रक्तातले पोटॅशियम घसरू शकते, म्हणून ते वारंवार तपासावे लागते. उपचार पहिल्या काही तासांत सुरू झाला तरच त्याचा खरा उपयोग. तीस वर्षांपूर्वी कुवेतहून परतलेल्याला आज सोडा देऊन काही साधत नाही. मूत्रपिंडे बंद पडली तर ती सावरेपर्यंत डायलिसिस.

प्लुटोनियमवर चालणारे डीटीपीए हे धातू बांधून बाहेर काढणारे औषध युरेनियमवर भरवशाचे नाही; सीझियमवर दिले जाणारे प्रशियन ब्लू इथे निरुपयोगी आहे. ईडीटीए हे तशाच प्रकारचे औषध स्वतःच मूत्रपिंडाला इजा करू शकते, म्हणून ‘शरीरातले जड धातू काढून देतो’ अशा जाहिरातींना भुलून ते टोचून घेणे घातक ठरेल. अंगातला तुकडा एक सेंटिमीटरहून मोठा असेल आणि शस्त्रक्रियेत जास्त इजा होणार नसेल, तर तो काढावा असा सल्ला दिला जातो. लहान तुकडे राहू देतात आणि ठरावीक काळाने लघवी व मूत्रपिंडाचे काम तपासत राहतात.