आराम खांद्याला सांगितलाय, पायांना नाही

बेळगावजवळ येळ्ळूरच्या राजहंसगडावर सायकल चढवताना मी कधी पडलो नाही, पडलो ते उतरताना, आणि तेसुद्धा अगदी खालच्या वळणावर, जिथं पावसाने वाहून आलेली बारीक खडी रस्त्यावर पसरली होती. पुढचं चाक सटकलं, मी उजव्या खांद्यावर आपटलो, उठून बसलो आणि पहिल्यांदा सायकलकडे बघितलं (सायकलवाले सगळे हेच करतात, खोटं बोलू नका). सायकल ठीक होती. मग हात वर करायला गेलो तर गळ्याखाली असं काहीतरी हललं जे हलायला नको होतं. एक्सरेत कॉलरबोनचे तीन तुकडे, चौथ्या दिवशी ऑपरेशन, टायटॅनियमची प्लेट, सात स्क्रू, आणि डिस्चार्जच्या कागदावर सल्ला म्हणून एकच शब्द लिहिलेला, आराम. कशाला आराम, किती आराम, काही नाही. विचारायला गेलो तर पुढचा पेशंट आत आला होता.

कॉलरबोन म्हणजे गळ्याखालचं ते आडवं, थोडं एस आकाराचं हाड. अख्खा हात धडाच्या सांगाड्याला हाडाने जोडलाय तो फक्त इथून, बाकी सगळा कारभार स्नायूंचा. आईच्या पोटात असताना सगळ्यात आधी हाड बनायला लागतं ते हेच, आणि त्याचं छातीकडचं टोक पूर्ण पक्कं व्हायला मात्र विशीच्या मध्यापर्यंत वेळ जातो. खांद्यावर पडलं की सगळा दणका त्या वळणावर येतो आणि बहुतेक वेळा ते मधल्या भागात मोडतं. सायकलवाल्यांचं हे घरचं फ्रॅक्चर म्हणायला हरकत नाही.

तर आराम. मी तो मनापासून केला. दहा दिवस पलंगावर, उशांचा ढीग, मोबाईल, आणि आई येता जाता म्हणायची, "खिडकीतनं रस्त्याकडे काय बघूलालास? सायकल काय पळून जाणार नाही की." अकराव्या दिवशी ड्रेसिंगला गेलो, दोन जिने चढलो आणि वर जाऊन रेलिंग धरून उभा राहिलो. पंधरा दिवसांपूर्वी गड चढणारा माणूस दोन जिन्यांत धापा टाकतोय! मला वाटलं भूल अजून अंगात आहे. तसं काही नव्हतं, माझं रक्त कमी झालं होतं.

म्हणजे वाहून गेलं नव्हतं. होतं काय, की आपण आडवे झालो की पायातलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालंय, मग किडनी ते लघवीवाटे बाहेर काढते, आणि पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, घटतो. रक्त कमी तर एका ठोक्याला हृदयातून बाहेर पडणारी धारही कमी, मग तेवढंच काम करायला हृदयाला जास्त वेळा ठोकावं लागतं. नियमित सायकल चालवणाऱ्याचा प्लाझ्मा सरावाने वाढलेला असतो, म्हणून पडून राहिल्यावर त्याचं नुकसान उलट जास्त जाणवतं. पायातली ताकद अजून शाबूत असते, पंपातलं पाणीच उतरलेलं असतं.

१९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या ५ धडधाकट पोरांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं होतं, उठूच द्यायचं नाही. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते आधी आणि नंतर मोजलं, तर ती क्षमता पाव हिश्शाहून जास्त उतरली होती. खरी गंमत पुढे आहे, ३० वर्षांनी त्याच ५ जणांना परत बोलावून मोजलं, आता ते पन्नाशीचे, पोटं सुटलेली, आणि तरीसुद्धा तीन आठवड्यांच्या झोपण्याने जेवढी क्षमता गेली होती तेवढी ३० वर्षांच्या वयाने गेली नव्हती. हे वाचलं त्या दिवसापासून मी पलंग फक्त रात्री वापरला.

यातला दिलासा असा की सगळं एकदम उतरत नाही. १९८४ मध्ये तयारीच्या खेळाडूंना ८४ दिवस व्यायाम पूर्ण बंद करायला लावून बघितलं होतं, पहिल्या तीन आठवड्यांत क्षमता ७ टक्के घसरली, आठ आठवड्यांपर्यंत १६ टक्के, आणि मग तिथंच थांबली. स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या, ज्या वर्षानुवर्षांच्या सरावाने वाढतात, त्या तशाच राहिल्या. रक्त लवकर उतरतं पण लवकर भरतंही. म्हणून चालणं. माझं सुरू झालं ते गल्लीच्या टोकापर्यंत, गळ्यात हात अडकवलेला, मग तिसऱ्या रेल्वे गेटपर्यंत, मग कॅम्पातल्या सावलीच्या रस्त्यांवर सकाळ संध्याकाळ अर्धा अर्धा तास. चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलतात, ऑपरेशननंतर पायात गुठळी व्हायचा धोका त्याने कमी होतो, हेही आहेच. आणि सायकलवाल्यांसाठी एक खास कारण, सायकलवर हाडांना दणके बसत नाहीत, त्यामुळे नुसतीच सायकल चालवणाऱ्या रेसर लोकांची मणक्याची हाडं बऱ्याचदा अपेक्षेपेक्षा विरळ निघतात. चालणं आणि जिने हे आपण एरवीही करायला पाहिजे होतं.

आता प्लेट. सगळ्यात मोठा गैरसमज इथं आहे. "प्लेट घातलीय म्हणजे आता पक्कं झालं, टायटॅनियम आहे," असं मला निदान दहा जणांनी सांगितलं, त्यातले दोघे सायकलवाले. अहो, प्लेट म्हणजे सेंटरिंग! स्लॅब टाकल्यावर खाली फळ्या आणि टेकू असतात ना, स्लॅब आवळून येईपर्यंत त्याचं वजन ते पेलतात, तसं. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं, सूज येते, पेशी गोळा होतात, पुढे कोलॅजनचं जाळं आणि त्यात कॅल्शियमचे क्षार भरत जातात, या कामाला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात आणि त्यानंतरही हाड आतून स्वतःला घडवत महिनोन्‌महिने बसतं. तोवर भार प्लेटवर. आणि धातू एका दणक्याने तुटला नाही तरी पुन्हा पुन्हा वाकवून तुटतो. सायकलवाल्याला हे वेगळं सांगायला नको, स्पोक कधी खड्ड्यात तुटतो का? तो तुटतो साध्या सपाट रस्त्यावर, टिंग करून, कारण प्रत्येक फेऱ्याला तो ताणला आणि सैल होत आलेला असतो. प्लेटचं तसंच आहे, हाड आधी जुळतंय का धातू आधी थकतोय अशी ती शर्यत आहे, आणि आपण रोज उजव्या हाताने दुधाची पिशवी, गॅसची टाकी, असं करत राहिलो तर धातूच्या बाजूने धक्का देतोय. म्हणून नियम असा की त्या हाताने चहाच्या कपापेक्षा जड काही नाही.

पण म्हणून हात बांधून ठेवायचा असंही नाही, हा दुसरा टोकाचा घोळ. जर्मन सर्जन ज्युलियस वोल्फ याने १८९२ मध्येच मांडलं होतं की हाड त्याच्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. हाडाच्या आत बारीक नळ्यांतून द्रव असतो, भार आला की तो सरकतो, आत बसलेल्या पेशींना ते कळतं आणि कुठं भरायचं कुठं काढायचं ते त्या ठरवतात. शिवाय खांद्याचा सांधा न हलवता ठेवला की आखडतो. तर थोडा भार पाहिजे, वेळेवर पाहिजे, आणि किती ते आपण नाही ठरवायचं.

माझ्या बाबतीत ठरवायच्या त्या फिजिओ मॅडम, कन्नडवाल्या, मराठी मोडकं बोलायच्या, माझं कन्नड त्याहून मोडकं. पहिला व्यायाम बघून मला हसू आलं होतं. डावा हात टेबलावर टेकून पुढे वाकायचं, उजवा हात देवळातल्या घंटेच्या दोरीसारखा सैल सोडायचा आणि खांद्याने नाही तर कमरेने अंग हलवायचं, मग हात आपोआप छोटे गोल काढतो. स्वतःच्या हाताला काही करू न देणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं, कारण दर तिसऱ्या गोलाला माझा खांदा मदतीला धावायचा आणि मॅडम म्हणायच्या, "साकु, साकु", म्हणजे पुरे. नंतर भिंतीवर बोटं चालवायची, कोळ्यासारखी वर वर. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी पेन्सिलने रोजच्या रेघा मारल्या, पहिली स्विचबोर्डच्या खाली, शेवटची कॅलेंडरच्या खिळ्याला. मधे एकदा सहा दिवस रेघ एकाच जागी होती, तेव्हा मी घरात कुणाशी नीट बोललो नाही.

खाण्याचं तर विचारूच नका. शेजारच्या मावशी पायाचं सूप घेऊन आल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण "आंबट देऊ नका हं, टाके पिकतील" हे सांगून गेल्या आणि आईने घरातली लिंबं लपवली. इथं मला भांडावं लागलं. जखम काय आणि हाड काय, दोघांचं मूळ जाळं कोलॅजनचं, आणि कोलॅजनचा पीळ घट्ट बसवायला व्हिटॅमिन सी लागतंच. १७४० च्या दशकात कमोडोर अ‍ॅन्सनच्या इंग्रजी जहाजांवर स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सी न मिळाल्याने होणारा रोग, पसरला तेव्हाची नोंद आहे, एका म्हाताऱ्या सैनिकाच्या ५० वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या जखमा परत उघडल्या आणि कधीचं जुळलेलं हाडसुद्धा पुन्हा सुटलं. ५० वर्षं! म्हणजे जुळलेलं हाड हे कायमचं चिकटवलेलं नसतं, शरीर ते सतत थोडं मोडून नव्याने बांधत असतं आणि माल संपला की बांधकाम उघडं पडतं. आईला हे सांगितलं, ती म्हणाली, "जहाजावर वांगी पण खाल्ली असतील." पण दुसऱ्या दिवशी ताटात लिंबाची फोड होती. बाकी डाळी, अंडी, दूध, आणि सकाळी नाचणीचं आंबील, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आपल्याकडे ती स्वस्तात मिळते, मग महागडे डबे कशाला. आणि सिगारेट ओढत असाल तर बंद, तिने हाड जुळायला खरंच उशीर होतो.

डाव्या हाताचं एक सांगायचं राहिलं. १८९४ मध्ये येल विद्यापीठात स्क्रिप्चर नावाच्या संशोधकाने दाखवलं होतं की एकाच हाताने दाबायचा सराव केला तर दुसऱ्या, काहीही न केलेल्या हाताची ताकदही वाढते. वाढ स्नायूत होत नाही, मेंदूकडून स्नायूला जाणारा हुकूम सुधारतो आणि तो दोन्ही बाजूंना थोडा थोडा पोचतो. हात प्लास्टरमध्ये असताना दुसऱ्या हाताचा व्यायाम केला तर बांधलेल्या हाताची ताकद कमी गळते हेही नंतर दिसलंय. मी मॅडमना विचारून डाव्या हाताने पाण्याची बाटली उचलायचा रोजचा नेम केला. आणि दुपारी डाव्याच हाताने कन्नड अक्षरं गिरवली. बेळगावात जन्म गेला, बोलता येतं, पण बसवरची पाटी वाचता येत नव्हती. रिकाम्या दुपारी फार वाईट असतात, रोज व्यायाम करणाऱ्यांना मुद्दाम थांबवून बघितलंय, मूड उतरतो, चिडचिड वाढते, आणि नेमक्या त्याच मूडमध्ये माणूस "जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो" म्हणून सायकल काढतो. म्हणून काहीतरी लागतंच. चेन एका हाताने रॉकेलने धुवायला अख्खी दुपार जाते, करून बघा.

टाके निघाले, जखम कोरडी झाली, डॉक्टर हो म्हणाले, तेव्हा मित्राचा ट्रेनर घरी आला (माणूस नाही, सायकल अडकवून जागच्या जागी पाय मारायचा स्टँड). ऑस्ट्रेलियन सायकलपटू मॅथ्यू हेमनचं उदाहरण डोक्यात होतंच, फेब्रुवारी २०१६ मध्ये शर्यतीत हाताचं हाड मोडलं, घरी ट्रेनरवर पाय चालवत राहिला आणि एप्रिलमध्ये पॅरिस–रुबे जिंकला, तेही दगडी फरशांवरची अडीचशे किलोमीटरहून लांब शर्यत. पण त्याच्यामागे टीमचे डॉक्टर होते आणि माझ्यामागे आई. सरळ बसून, हात गळ्यात, हँडलवर वजन नाही, वीस मिनिटं, बोलता येईल एवढाच जोर. जोर वाढला की आपण नकळत हँडल ओढतो, म्हणून एवढाच. घरात वारा लागत नाही, त्यात आपला पावसाळा, घाम नुसता धो धो, तो जखमेवर उतरू द्यायचा नाही, म्हणून समोर पंखा आणि मानेला पंचा.

नवव्या आठवड्यातल्या एक्सरेत फट दिसेनाशी झाली होती. रस्त्यावर गेलो अकराव्यात, येळ्ळूर गावापर्यंत, गड नाही. त्या वळणापाशी थांबून बघितलं, खडी अजून तिथंच आहे.