दहावीचं गणित, इंग्रजी आणि अकरावीची वाट : थोडी पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२४ मध्ये बातमी आली की नव्या अभ्यासक्रमात दहावीला गणितात किंवा विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी मुलाला अकरावीत जाता येईल. मात्र गुणपत्रिकेवर शेरा येईल, आणि पुढे गणित-विज्ञानाच्या वाटा बंद होतील. त्याच वर्षी मे महिन्यात राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला, त्यात अकरावी-बारावीला इंग्रजीची सक्ती नसावी असं सुचवलेलं होतं. दोन्ही वेळा रान उठलं. पण हे दोन विषय सक्तीचे कसे झाले आणि त्यांतून सुटका कुणाला, कशाच्या बदल्यात मिळत गेली, याची उजळणी त्या गदारोळात फारशी झाली नाही.

सुरुवात मुंबई विद्यापीठापासून करावी लागते. १८५७ साली विद्यापीठ स्थापन झालं आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. परीक्षा होती विद्यापीठात प्रवेश देण्यासाठी, त्यामुळे काय शिकवायचं हे शाळेने नव्हे, विद्यापीठाने ठरवलं. इंग्रजी आणि गणित दोन्ही लागत, आणि गणिताचे पेपरही इंग्रजीतूनच सोडवावे लागत. मराठी चौथी झाली की मुलगा 'इंग्रजी पहिली'त जाई आणि 'इंग्रजी सातवी' म्हणजे मॅट्रिक. शाळेच्या इयत्ताच इंग्रजीने मोजल्या जात. मराठीतून सातवी करून व्हर्नाक्युलर फायनल देणाऱ्याला मास्तरकी मिळे, पण कॉलेजचं दार त्याला बंद. त्या काळातल्या आपल्या पुढाऱ्यांत गणिताचे शिक्षक किती होते पाहा: टिळकांनी गणित शिकवलं, गोखल्यांनी अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिलं, धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक होते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या सरकारने इंग्रजी मागे ढकललं. मराठी शाळांत ते आठवीपासून शिकवायचं ठरलं. १९५४ मध्ये मुंबई सरकारने आणखी पुढे जाऊन, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांत प्रवेश द्यायला मनाई केली. देवळालीच्या बार्न्स शाळेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तो आदेश त्याच वर्षी रद्द झाला. हेतू चांगला होता असं मला आजही वाटतं. पण कॉलेज इंग्रजीत राहिलं आणि शाळेतलं इंग्रजी तेवढं कमी झालं. याचा भुर्दंड कुणाला पडला हे उघड आहे: ज्यांच्या घरात इंग्रजी नव्हतं त्यांनाच. महाराष्ट्र राज्य झाल्यावर इंग्रजी पाचवीवर आलं, आणि २००० च्या जूनपासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीवर. त्यानंतर सेमी इंग्रजीची लाट आली. म्हणजे गेल्या काही दशकांत इंग्रजी सतत खालच्या वर्गांकडे सरकत आलं आणि त्याची सक्ती वाढत गेली.

गणिताचा प्रवास उलटा आहे. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शाळेतच वेगवेगळे गट करून मुलांना कलानुसार वाटा द्याव्यात असं म्हटलं. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ते फिरवलं: दहावीपर्यंत गणित आणि विज्ञान सगळ्यांना, निवड त्यानंतर. आपल्याकडे १०+२+३ आलं तेव्हा हाच विचार होता. नव्या दहावीची पहिली परीक्षा मार्च १९७५ ला झाली. शेतमजुराच्या मुलीलाही भूमितीची सिद्धता लिहिता यावी, असं त्यामागे एक मोठं वचन होतं. ते पाळायला गणिताचे पुरेसे शिक्षक लागतात, आणि खेड्यापाड्यांतल्या किती शाळांत तो विषय ज्याचा नाही अशा माणसाच्या गळ्यात पडला, हे गावाकडे शिकलेल्या कुणालाही विचारावं.

गणितात नापास होणाऱ्यांचे ढीग वाढले तशा पळवाटा निघाल्या. सोपं 'सामान्य गणित' आलं, काही वर्षं चाललं आणि बंद झालं. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याची सवलत आहे. ती योग्यच आहे आणि तिला कुणी हात लावू नये. २०१० मध्ये 'बेस्ट फाइव्ह' आलं, उच्च न्यायालयात अडलं आणि सर्वोच्च न्यायालयात टिकलं. सर्वांत कमी गुणांचा विषय टक्केवारीतून गळू लागला, आणि पुष्कळांच्या बाबतीत तो विषय गणितच असतो. सीबीएसईने २०२० च्या दहावीपासून 'बेसिक' आणि 'स्टँडर्ड' असे दोन पेपर केले, पुस्तक मात्र एकच.

आता अकरावीचा अर्ज भरणाऱ्या मुलाकडे पाहू. कॉमर्सला गेला तर प्रश्न येतो: मॅथ्स की एसपी? एसपी म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, आणि 'स्कोअरिंग आहे' एवढ्या सल्ल्यावर कित्येक जण तेच घेतात. तिसऱ्या वर्षी संख्याशास्त्राकडे वळावंसं वाटलं तर तेव्हा उशीर झालेला असतो. सायन्सला पीसीएम, पीसीबी की चारही, हे पंधराव्या-सोळाव्या वर्षी ठरतं. आर्ट्सला गणित घेता येतं, पण ते शिकवणारं कॉलेज तालुक्याला शोधून सापडत नाही. इंग्रजी मात्र तिन्ही शाखांत बारावीपर्यंत चुकत नाही. ते इतर विषयांतही शिरतं, कारण सायन्स शिकवलं जातं इंग्रजीतून. दहावीपर्यंत पक्ष, साध्य, सिद्धता असं नीटनेटकं लिहिणारी मराठी माध्यमातली मुलगी अकरावीच्या वर्गात बसते आणि तिला येत असलेलं गणितही परकं वाटू लागतं. मग घरचे म्हणतात, तिला सायन्स झेपलं नाही. माझ्या मते तिला गणित झेपत होतं. दोन विषयांचे अडसर एकाच महिन्यात समोर आले आणि पूल कुणी बांधला नव्हता.

म्हणून २० गुणांच्या तरतुदीकडे मी केवळ 'दर्जा घसरला' म्हणून बघत नाही. एका विषयापायी मूल शाळेबाहेर फेकलं जाऊ नये, हे मला मनापासून पटतं. आक्षेप आहे तो शेऱ्याला. मार्चमधल्या दोन पेपरांत, चाळीस गुणांचं बीजगणित आणि चाळीस गुणांची भूमिती, जे घडलं त्यावरून पुढची वाट कायमची मिटते. वर्षभराने तयारी करून परत गणिताकडे येण्यासाठी सेतू अभ्यासक्रम असेल का, तो तालुक्याच्या ठिकाणी मिळेल का आणि मराठीतून असेल का, ही उत्तरं नवा अभ्यासक्रम दहावीपर्यंत पोहोचण्याआधी मंडळाने द्यायला हवीत.