झिंक फिंगर प्रथिने : यीस्टमधील जनुक-प्रतिलेखनाची सुरुवात

जस्ताच्या आयनाभोवती घडी घालून आकार टिकवणारा छोटा भाग ज्यांच्यात असतो आणि त्या भागाने जी डीएनएवरचा ठरावीक अक्षरक्रम ओळखतात, त्या प्रथिनांना झिंक फिंगर प्रथिने म्हणतात. सॅकरोमायसीझ सेरेव्हिसी या यीस्टमध्ये सुमारे सहा हजार जनुके आहेत. त्यांपैकी कोणते केव्हा वाचायचे, म्हणजे कोणत्याची आरएनए प्रत काढायची (प्रतिलेखन), हे ठरवणाऱ्या प्रथिनांमध्ये या गटाचा वाटा मोठा आहे.

‘फिंगर’ हे नाव १९८५ साली आफ्रिकी बेडकाच्या अंडपेशींतील टीएफ-३ए या प्रथिनाच्या अभ्यासातून आले. त्यात सुमारे ३० अमिनो आम्लांचा एक तुकडा नऊ वेळा येतो. प्रत्येक तुकड्यातील दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन ही अमिनो आम्ले मिळून जस्ताचा एक आयन धरतात. कागदावर काढले की हे तुकडे पुढे आलेल्या बोटांसारखे दिसतात, म्हणून हे नाव. यीस्टमधला सर्वांत मोठा गट मात्र या साच्यात बसत नाही. त्याच्यात सहा सिस्टीन मिळून जस्ताचे दोन आयन धरतात, आणि त्यांतल्या दोन सिस्टीन दोन्ही आयनांना सामाईक असतात. हा प्रकार जवळजवळ केवळ बुरशींमध्येच आढळतो. सॅकरोमायसीझमध्ये अशी पन्नासाहून अधिक प्रथिने आहेत. त्याला ‘फिंगर’ म्हणण्यापेक्षा जस्ताचा पुंजका म्हणणे अधिक बरोबर, पण रूढ झालेले नाव सहसा बदलत नाही.

जस्त स्वतः डीएनएला चिकटत नाही, हे अनेकदा नजरेआड होते. त्याचे काम प्रथिनाची घडी घट्ट ठेवण्याचे आहे. गॅलॅक्टोज या साखरेची जनुके चालू करणाऱ्या गॅल४ या यीस्टच्या प्रथिनातील एक प्रोलिन (एक अमिनो आम्ल) बदलले की त्याचे काम थांबते, पण माध्यमात जादा जस्त घातले की ते परत सुरू होते, असे १९८७ मध्ये दिसून आले. घडी सैल झाली होती आणि जास्तीच्या जस्ताने ती सावरली.

गॅल४ हे या कुळातले सर्वाधिक अभ्यासलेले प्रथिन. ते ८८१ अमिनो आम्लांचे आहे, पण डीएनए ओळखायला सुरुवातीचा छोटासा भाग पुरतो. दोन गॅल४ जोडीने बसतात. प्रत्येकाचा पुंजका डीएनएच्या मोठ्या खाचेत ‘सीजीजी’ ही तीन अक्षरे वाचतो. या दोन तिकड्या समोरासमोर असतात आणि त्यांच्यामध्ये बरोबर ११ अक्षरे असावी लागतात. याच कुळातले पुट३ तशाच दोन ‘सीजीजी’ वाचते, पण १० अक्षरांच्या अंतराने, आणि पीपीआर१ सहा अक्षरांच्या अंतराने. म्हणजे अक्षरे तीच, पत्ता ठरतो तो मधल्या अंतराने. ते अंतर मोजते पुंजक्याला जोडलेली प्रथिनाची साखळी.

पत्ता सापडला म्हणजे प्रतिलेखन सुरू झाले, असे नाही. गॅल१ आणि गॅल१० या जनुकांच्या मधल्या पट्टीवर गॅल४ गॅलॅक्टोज येण्यापूर्वीच बसलेले असू शकते, पण त्याच्या शेपटाकडच्या सक्रियक (जनुक चालू करणाऱ्या) भागाला गॅल८० हे प्रथिन झाकून ठेवते. पेशीत गॅलॅक्टोज शिरला की गॅल३ हे प्रथिन गॅलॅक्टोज आणि एटीपी (पेशीतला ऊर्जा वाहणारा रेणू) दोन्ही धरते, मग गॅल८० ला पकडते आणि सक्रियक भाग मोकळा होतो. मोकळ्या झालेल्या या भागाकडे ‘सागा’ आणि ‘मीडिएटर’ ही मोठी प्रथिनसंकुले ओढली जातात. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर ॲसिटिल हे रासायनिक गट चढवणे आणि जनुकाच्या आरंभाजवळची ‘टाटा’ ही खूण धरणाऱ्या टाटा-बंधक प्रथिनाला जागेवर आणणे ही कामे सागाकडे असतात. मीडिएटर आरएनएचा धागा बनवणाऱ्या आरएनए पॉलिमरेज-२ या विकराला तेथे जमवतो. प्रतिलेखन सुरू करायला लागणाऱ्या टीएफ-२बी या घटकाच्या टोकाशीही जस्त धरणारी छोटी घडी असते आणि ती पॉलिमरेजला पकडते. त्यानंतर पॉलिमरेज टाटा-खुणेपासून साधारण ४० ते १२० अक्षरे पुढे सरकत योग्य आरंभबिंदू शोधतो आणि आरएनएचा धागा सुरू होतो. या हालचालीने गॅल१ चे प्रतिलेखन सुमारे हजारपट वाढते.

ओळखणारा भाग आणि चालू करणारा भाग वेगवेगळे असतात, हे १९८५ च्या एका सोप्या प्रयोगाने ठरले. गॅल४ चा डीएनए-बंधक तुकडा काढून तेथे जिवाणूच्या लेक्सए प्रथिनाचा तुकडा बसवला. लेक्सएची खूण असलेले यीस्टचे जनुक चालू झाले. १९८९ ची यीस्ट टू-हायब्रिड पद्धत याच सुटेपणावर उभी आहे. त्या पद्धतीत दोन प्रथिने एकमेकांना धरली तरच गॅल४ चे दोन तुकडे जवळ येतात आणि जनुक पेटते.

सिस्टीन-हिस्टिडीन प्रकारची प्रथिनेही यीस्टमध्ये आहेत. ग्लुकोज संपल्यावर इथेनॉल वापरायची वेळ आली की दोन फिंगरांचे एडीआर१ हे एडीएच२ जनुक चालू करते. तशाच घडीचे एमआयजी१ उलटे वागते. ग्लुकोज असेपर्यंत ते गॅलॅक्टोजची जनुके दाबून ठेवते, आणि ग्लुकोज संपताच एसएनएफ१ या किनेजमुळे (फॉस्फेट गट चढवणाऱ्या विकरामुळे) केंद्रकाबाहेर जाते. ताण आल्यावर धावणारी एमएसएन२ आणि एमएसएन४ ‘एजीजीजीजी’ ही खूण शोधतात. झॅप१ मध्ये सात फिंगर आहेत. पाच डीएनए धरतात. उरलेल्या दोन सक्रियक भागात असून त्या पेशीतील जस्त मोजतात. जस्त पुरेसे असले की त्या ते धरून सक्रियक भाग गप्प करतात, आणि कमी पडले की झॅप१ जस्त आत ओढणाऱ्या झेडआरटी१ चे जनुक चालू करते.