संशयग्रस्तता आणि चिंता

दुसरे लोक आपल्याला मुद्दाम इजा करू पाहत आहेत, असा आधार नसताना किंवा आधाराच्या मानाने फार मोठा वाटणारा संशय म्हणजे संशयग्रस्तता किंवा पॅरानोइया. काहीतरी वाईट होईल, ही धास्ती चिंतेतही असते. संशयग्रस्ततेत मात्र त्या धोक्यामागे कोणाचा तरी हेतू दिसू लागतो. नाते इतके जवळचे असूनही दोन्हींचा अभ्यास बराच काळ वेगवेगळा झाला. चिंता ‘न्यूरोसिस’मध्ये, म्हणजे वास्तवाचे भान शाबूत असलेल्या मानसिक त्रासांत गणली जाई, तर छळाचे संभ्रम, म्हणजे आपला छळ होतो आहे अशा पक्क्या पण खोट्या समजुती, ‘सायकोसिस’मध्ये, म्हणजे वास्तवाचे भान सुटणाऱ्या विकारांत.

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बेंटॉल यांच्या मांडणीत संशय ही खचलेली स्वप्रतिमा सावरण्याची युक्ती ठरते: अपयशाचे खापर इतरांच्या वाईट हेतूवर फोडले की स्वतःला दोष द्यावा लागत नाही. २००२ मध्ये डॅनिएल फ्रीमन, फिलिपा गॅरेटी या मानसशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी वेगळे प्रारूप मांडले. त्यानुसार छळाचा संभ्रम ही मूलतः धोक्याविषयीची समजूत असते आणि चिंता तिला थेट खतपाणी घालते. ही समजूत टिकते कशी, याचे त्यांचे स्पष्टीकरण विशेष पटण्याजोगे आहे. संशयी माणूस सावधगिरी म्हणून गर्दी टाळतो, घराबाहेर पडत नाही. मग काही विपरीत घडले नाही, तरी ‘सावध राहिलो म्हणून वाचलो’ असाच निष्कर्ष तो काढतो, आणि समजूत खोटी ठरण्याची संधीच उरत नाही. सामाजिक भयगंडातही, म्हणजे लोकांत मिसळण्याच्या तीव्र भीतीतही, नेमके हेच होते.

मग एकाच प्रसंगात एक जण नुसता अस्वस्थ आणि दुसरा संशयी का होतो? फ्रीमन यांच्या गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सर्वसामान्य लोकांतील २०० जणांना लंडनच्या भुयारी रेल्वेचा आभासी डबा दाखवला. त्यातील प्रवाशांचे वागणे मुद्दाम तटस्थ ठेवले होते, तरीही बऱ्याच जणांना त्यांत वैरभाव जाणवला. चिंता आणि काळजी करण्याची सवय सामाजिक भीती व संशय या दोन्हींशी निगडित निघाली. फरक पडला तो इंद्रियांच्या विचित्र अनुभवांमुळे, म्हणजे आवाज नेहमीपेक्षा मोठे वाटणे, परिसर अनोळखी भासणे यांमुळे. असे अनुभव असणाऱ्यांत संशयाची शक्यता वाढलेली आणि सामाजिक भीतीची घटलेली आढळली. चिंतेने सगळे उलगडत नाही, हे यावरून दिसते.

तरी एवढ्याने चिंता ही संशयाचे कारण आहे की केवळ सोबतीण, हे ठरत नाही. त्यासाठी चिंता कमी करून पाहावी लागते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत छळाचे संभ्रम असलेल्या १५० रुग्णांपैकी एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत काळजी आटोक्यात आणण्याची सहा सत्रे दिली गेली. संभ्रम खरा की खोटा, हा वाद सत्रांत घातलाच नव्हता. काळजी कमी झाली आणि संभ्रमांची तीव्रताही उतरली. अशीच चाचणी पुढे निद्रानाशावर झाली. २०१७ च्या त्या ब्रिटिश अभ्यासात ३,७५५ विद्यापीठीय विद्यार्थी होते. झोप सुधारलेल्यांत संशयाचे विचार घटले.