एकाग्रता (खेळातील)

खेळताना त्या क्षणी जे महत्त्वाचे आहे तेवढ्यावरच लक्ष ठेवणे आणि ते ढळले तर लगेच परत आणणे, याला खेळातील एकाग्रता म्हणतात. यातला दुसरा भाग अधिक मोलाचा. लक्ष मोठ्या खेळाडूंचेही ढळते, पण ते एका श्वासात परत येते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट नायडेफर यांनी १९७६ मध्ये लक्षाचे प्रकार दोन कसोट्यांवर मांडले : ते पसरलेले आहे की एकवटलेले, आणि बाहेर, म्हणजे भोवतालावर आहे की आत, म्हणजे स्वतःच्या शरीरावर आणि विचारांवर. कोकण किनाऱ्यावरच्या खेळांत हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

कबड्डीत तर फारच ठळकपणे. रायगड-रत्नागिरीच्या गावांत रात्री प्रकाशझोतात सामने रंगतात. मैदानाला खेटून प्रेक्षक, शिट्ट्या, लाउडस्पीकरवर समालोचन. चढाईला मिळतात ३० सेकंद. मध्यरेषा ओलांडताना चढाईपटूची नजर पसरलेली असते : दोन्ही कोपरे, साखळी कुठे बांधली आहे, मागे कोण सरकला. बोनस रेषेकडे पाय टाकताना तीच नजर एका बिंदूवर येते. कोपरारक्षकाचे काम वेगळे. चेहरा आणि खांदे हूल देतात, म्हणून तो पावलांकडे बघतो. वजन एका पायावर आले की त्याच पायाचा घोटा धरतो. क्षणभर आधी झेपावला तर गुण समोरच्याला. हे संयमाने थांबणे हीच त्याची एकाग्रता, आणि प्रेक्षकांना ती बहुधा दिसतच नाही.

खो-खोत भार कानावर आणि पाठीवर असतो. शेजारी-शेजारी बसलेल्या आठ जणांची तोंडे आलटून-पालटून विरुद्ध दिशांना असतात. ‘खो’ मिळण्याआधी उठले तर चूक, उशिरा उठले तर पळणारा निसटला.

मालवणच्या चिवला किनाऱ्यावर समुद्री जलतरणाच्या स्पर्धा होतात. तलावात तळाची रेघ दिशा दाखवते, समुद्रात ती सोय नाही. दर काही हातांनंतर डोके वर काढून खूण पाहायची, पुन्हा श्वासाच्या लयीत शिरायचे. लक्ष आत-बाहेर असे सतत फिरत राहते. हे चुकले तर प्रवाह हळूच बाजूला नेतो आणि वाढीव अंतर दमलेल्या हातांनी कापावे लागते.

पावसाळ्यात कोकणातल्या मंडळांच्या खोल्यांत कॅरम चालतो. क्वीन घेतली, आता कव्हर हवे. सोंगटी सरळ भोकासमोर आहे. हाच फटका शंभरदा बसलेला असतो, तरी बोट अडखळते. सवयीने होणारी हालचाल माणूस दडपणाखाली मुद्दाम ‘नीट’ करू जातो आणि तिची लय तुटते. म्हणून लक्ष बोटावर न ठेवता भोकावर ठेवणे बरे. शरीराच्या अवयवापेक्षा हालचालीच्या परिणामावर लक्ष ठेवल्यास कौशल्य अधिक चांगले उतरते, हे शारीरिक कौशल्ये कशी शिकली जातात याच्या अभ्यासक गॅब्रिएल वुल्फ यांच्या संशोधनातून पुढे आले आहे.

नेमबाजीत कसोटी सर्वांत बारीक. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अखेरच्या गोळीआधी अभिनव बिंद्रा फिनलंडच्या हेन्री हॅकिनेनशी बरोबरीत होते. अंतिम फेरीत गुण दशांशातही मोजतात आणि एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ मिळतात. त्यांनी १०.८ गुणांची गोळी मारली आणि भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळाले.

एकाग्रता सरावाने वाढते. चढाईआधी ठरावीक श्वास, मनात एकच शब्द, दर वेळी तोच क्रम, आणि गोंगाटात केलेला सराव हे नेहमीचे मार्ग. किनाऱ्यावर मात्र हवेचाही विचार करावा लागतो. दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, अंग तापते, पाणी कमी पडते आणि लक्ष विस्कटते. मे महिन्यातल्या सामन्यात शेवटच्या मिनिटांतल्या चुका बऱ्याचदा यातून होतात. अशा वेळी मैदानाबाहेरून ‘लक्ष दे रे!’ असे ओरडण्याने काही साधत नाही. ‘डाव्या कोपऱ्याचे पाय बघ’ असे सांगितले, आणि मध्यंतरात पाणी दिले, तर मुलाला आपले लक्ष कुठे न्यायचे ते कळते.